एक सुई, किती हात?

महाडहून वरंधा घाटाकडे जाणारा रस्ता सोडून आत वळले की शिवथर खोरे सुरू होते. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर ही गावे आणि पावसाळ्यात धबधब्याच्या पडद्याआड जाणारी समर्थांची घळ. दासबोधाची रचना येथे झाली अशी परंपरा असल्याने राज्यभरातून भाविकांचा येथे राबता असतो. या खोऱ्यात आणि शेजारच्या पोलादपूर तालुक्यात सत्तरी ओलांडलेल्या बायकांच्या हातांवर, कपाळावर, हनुवटीवर हिरवट पडलेले गोंदण अजून पाहायला मिळते. कुठे तुळशीवृंदावन, कुठे तीन ठिपके, कुठे भावाचे नाव. त्यांचीच मुंबईत चाकरी करणारी नातवंडे गणपतीला गावी येतात तेव्हा त्यांच्या दंडावर शिवरायांची मुद्रा, मनगटावर 'आई' किंवा मानेवर इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. आजी त्याला गोंदण म्हणते, नातू टॅटू. त्वचेला मात्र या दोन शब्दांतला फरक कळत नाही. दोन्ही वेळा सुई रक्तापर्यंत जाते, आणि ती सुई आधी कोणाच्या अंगात जाऊन आली होती हा प्रश्न दोन्ही वेळा सारखाच राहतो.

जुन्या पद्धतीत तीन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधल्या जात. काजळी किंवा कोळशाची पूड पाण्यात अथवा पाल्याच्या रसात कालवून ती टोचलेल्या जागी चोळली जाई. गोंदणारी बाई वाडीवर आली की दुपारभर बसून लेकीसुनांचे हात गोंदून देई आणि पायली-अदपायली धान्य घेऊन पुढच्या गावाला जाई. सुयांची जुडी एकच असे. तेव्हा धोका नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्याची मोजदाद करणारे कोणी नव्हते इतकेच. तरीही एक गोष्ट त्या पद्धतीच्या बाजूने होती. ती जुडी एका वाडीतल्या दहा-पंधरा जणींच्या पलीकडे एका दिवसात जात नसे, आणि त्या दहा-पंधरा जणींचे जग फार मोठे नसे.

आजची जत्रा तशी राहिलेली नाही. महाडच्या वीरेश्वराचा छबिना असो वा रायगडावरचा शिवराज्याभिषेक सोहळा, मुंबई-ठाणे-पुण्यापासून सातारा-कोल्हापूरपर्यंतची माणसे एका दिवसात एका जागी येतात. अशा कोणत्याही मोठ्या गर्दीच्या कडेला, खेळण्यांच्या आणि बांगड्यांच्या दुकानांच्या रांगेत, हल्ली एक लहानसे टेबल असते. त्यावर बॅटरीवर चालणारे यंत्र, शाईच्या चार बाटल्या, नमुन्यांचा प्लास्टिकमध्ये घातलेला तक्ता आणि एक ओले फडके. दहा मिनिटांत नाव, अर्ध्या तासात मुद्रा. ग्राहक उठतो, फडके यंत्राच्या टोकावरून फिरते आणि पुढचा हात पुढे होतो. तीस वर्षांपूर्वी वाडीत फिरणारी सुई आता एका संध्याकाळी पाच जिल्ह्यांत फिरते.

या विषयाची बातमी होते ती बहुतेक वेळा एचआयव्हीच्या निमित्ताने. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वाराणसीत काही तरुणांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले आणि त्यांनी जत्रेत किंवा फिरत्या कारागिराकडून स्वस्तात टॅटू काढून घेतल्याचे तेथील डॉक्टरांनी सांगितले, असे वृत्त देशभर छापले गेले. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गाझियाबादमधून तसेच वृत्त आले. गर्भारपणातील तपासणीत चार वर्षांत एचआयव्हीबाधित आढळलेल्या ६८ महिलांपैकी सुमारे वीस जणींनी रस्त्याकडेच्या टॅटूकडे बोट दाखवले होते. दोन्ही ठिकाणी आधार होता तो रुग्णांच्या सांगण्याचा. ज्या सुईने लागण झाली ती सुई हाती लागून तपासली गेली, असे दोन्हीकडे घडलेले नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने तर टॅटूमुळे एचआयव्ही झाल्याचे एकही प्रकरण आपल्या देशात ज्ञात नसल्याचे नमूद केले आहे. याचा अर्थ धोका काल्पनिक आहे असा नव्हे. परंतु मथळ्यांनी भीती चुकीच्या जागी नेऊन ठेवली आहे, हे मान्य केले पाहिजे.

खरी भीती कावीळ-बीची, म्हणजे हिपॅटायटिस-बीची, आणि तिच्या पाठोपाठ हिपॅटायटिस-सीची आहे. बाधित रक्ताची सुई रुग्णालयात चुकून टोचली गेल्यास लागण होण्याची शक्यता किती, याचा ठोकताळा वैद्यकीय विद्यार्थ्यांना तीनच्या पाढ्याने शिकवला जातो: एचआयव्ही ०.३ टक्के, हिपॅटायटिस-सी सुमारे ३ टक्के (अलीकडच्या अभ्यासांत त्याहून कमी) आणि लस न घेतलेल्या माणसात हिपॅटायटिस-बी ३० टक्क्यांपर्यंत. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर फार तग धरत नाही. हिपॅटायटिस-बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि सीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडे. शनिवारी महाडमध्ये वापरलेले यंत्र पुढच्या शुक्रवारी पोलादपुरात उघडले, तरी त्या दांड्यावर वाळलेला डाग निरुपद्रवी झालेला असेलच असे नाही.

यात आणखी एक मेख आहे. हिपॅटायटिस-बीची लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात सर्व राज्यांत पोहोचली ती २०११ मध्ये. त्यापूर्वी काही राज्यांत आणि शहरांत ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली होती. आज वीस ते पस्तीस वयाच्या ज्या पिढीला टॅटूचे सर्वाधिक आकर्षण आहे, तिच्यातील मोठा हिस्सा त्याआधी जन्मलेला आहे. सरकारी केंद्रातून मिळणाऱ्या लशीला तो मुकला आणि नंतर खासगी दवाखान्यात पैसे देऊन लस घेण्याची सवय आपल्याकडे नाही. जी पिढी सुईपुढे हात धरते आहे, ती या विषाणूपुढे उघडी आहे.

मग या भागातून तक्रारी का येत नाहीत? कारण कावीळ लागण झाल्यानंतर लगेच दिसत नाही. हिपॅटायटिस-बीची लक्षणे दिसायला साधारण दोन ते पाच महिने लागतात. अनेकांत ती दिसतच नाहीत. सीचा आजार तर वर्षानुवर्षे मुका राहतो आणि यकृत आकसू लागल्यावर बोलतो. तोवर जत्रेतले टेबल कधीच उठलेले असते. शिवाय कोकणात कावीळ म्हटले की पहिला संशय पाण्यावर जातो. पावसाळ्यात दूषित पाण्यातून होणारी कावीळ इथल्या घराघराला ठाऊक आहे. डोळे पिवळे झाले की गावातला जाणकार झाडपाल्याचे औषध देतो, तेल-तिखट बंद होते आणि पाण्याची कावीळ बहुधा आपोआप ओसरत असल्यामुळे औषधाला यश मिळते. त्या गोंधळात रक्तातून झालेली कावीळही पाण्याच्या खात्यावर जमा होते. रक्ताची चाचणी झाली तरच खाते बदलते. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे आणि त्याअंतर्गत बी व सी या दोन्ही प्रकारांची तपासणी व औषधे मोफत आहेत. पण चाचणी मागायला आधी संशय यावा लागतो. डॉक्टरने 'अलीकडे टॅटू काढला होता का?' असे विचारावे लागते आणि खोऱ्यातल्या तरुणाने दिवस बुडवून महाडपर्यंत, प्रसंगी शंभर किलोमीटरहून लांब अलिबागपर्यंत जावे लागते.

पुन्हा वापरलेली सुई काय करू शकते, याची उदाहरणे टॅटूच्या बाहेर शोधावी लागतात आणि ती फार दूर नाहीत. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधील साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा परिसरात, हिपॅटायटिस-बीची साथ उसळली आणि काही आठवड्यांत चाळीसहून अधिक माणसे दगावली. तपासात काही डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंज आणि सुयांचा माग लागला. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात बांगरमऊ येथे २०१८ मध्ये एचआयव्हीबाधितांचा मोठा गट आढळला, तेव्हा एकाच सिरिंजने अनेकांना टोचणाऱ्या भोंदू डॉक्टरावर ठपका आला. दोन्हीकडे आजार पसरला तो काही रुपयांची सुई वाचवण्याच्या नादात. टॅटूची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते आणि ती शिरेतही जात नाही, हे खरे. पण इंजेक्शनची सुई एकदा टोचते. टॅटूचे यंत्र मिनिटाला शेकडो ते हजारो वेळा त्वचेच्या दीड-दोन मिलिमीटर आत जाऊन येते.

म्हणून साधनांच्या निवडीकडे यावे लागते. येथे सर्वसाधारण ग्राहकाची समजूत आणि धंद्यातील वस्तुस्थिती यांत मोठी दरी आहे. ग्राहक यंत्राकडे पाहतो: ते चकचकीत आहे का, नवे आहे का. यंत्र किती नवे याला आरोग्याच्या दृष्टीने फारसे महत्त्व नाही. जुन्या घडणीचे, तारांच्या वेटोळ्यांवर चालणारे घरघरते यंत्र असो किंवा पेनासारखे नवे यंत्र असो, मोटरचा भाग वाफेत घालून निर्जंतुक करता येतच नाही. तो प्रत्येक ग्राहकासाठी नव्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायचा आणि नंतर ती पिशवी फेकायची, एवढेच शक्य असते. वायरीलाही तसाच खोळ लागतो. फवारणीची बाटलीही झाकावी लागते, कारण रक्त लागलेला हातमोजा दर दोन मिनिटांनी तिच्यावरच पडतो.

सुईचे दोन प्रकार बाजारात मिळतात. एक जुना: लांब काडीच्या टोकाला डाग दिलेला सुयांचा पुंजका, जो पोलादी नळीतून खाली उतरतो. दुसरा कार्ट्रिजचा: सुई आणि तिचे टोपण एकाच प्लास्टिकच्या कवचात, वरून लावायचे आणि काम झाले की काढून टाकायचे. पुंजक्यातल्या सुयांच्या मधली फट केसाहून बारीक असते. तिच्यात शिरलेले रक्त आणि शाई स्पिरिटच्या बोळ्याने पुसून निघत नाही. पुसून पुन्हा वापरलेली सुई म्हणजे न पुसलेली सुईच. पोलादी नळी मात्र पुन्हा वापरता येते, पण त्यासाठी ऑटोक्लेव्ह लागतो. कार्ट्रिजचा फायदा असा की नळीचा प्रश्नच उरत नाही. परंतु त्यातही आतून रबरी पडदा असलेले आणि पडदा नसलेले असे दोन प्रकार येतात. पडदा नसेल तर शाई-रक्ताचे मिश्रण उलट वर चढून यंत्राच्या मुठीत जाते, आणि पुढच्या ग्राहकाला नवी कार्ट्रिज लावली तरी मूठ जुनीच असते. स्वस्त कार्ट्रिजमध्ये नेमका हाच पडदा गाळलेला असू शकतो. पाकिटावर निर्जंतुकीकरणाची पद्धत (बहुधा इथिलिन ऑक्साइड वायू), तुकडीचा क्रमांक आणि मुदतीची तारीख छापलेली असते. ते पाकीट ग्राहकासमोर फाडले जाणे ही या साऱ्या व्यवहारातील सर्वांत महत्त्वाची कृती आहे आणि नेमकी तीच जत्रेत दिसत नाही.

ऑटोक्लेव्हबद्दलही गैरसमज कमी नाहीत. सलूनमधल्या निळ्या दिव्याच्या कपाटाला अनेक जण निर्जंतुकीकरणाचे यंत्र समजतात. ते अतिनील किरणांचे कपाट आहे. प्रकाश पडतो त्या पृष्ठभागापुरते त्याचे काम, नळीच्या आत त्याची पोच नाही. उकळत्या पाण्याने बरेच जंतू मरतात, पण बीजाणू टिकतात. डेटॉलमध्ये बुडवून ठेवलेली सुई वासाने स्वच्छ वाटते, एवढेच. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ किमान पंधरा-वीस मिनिटे वस्तूच्या प्रत्येक भागाला भिडावी लागते. घरचा कुकरही जवळजवळ तेवढाच दाब धरतो, हे भौतिकशास्त्र खरे आहे, आणि काही हौशी कारागीर त्याचाच आधार घेतात. परंतु कुकरला दाबमापक नाही, आतली हवा पूर्ण गेली की नाही हे कळत नाही, आणि बाहेर काढलेली ओली नळी हवेतच पुन्हा मळते. खऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये वस्तू आधी घासून, धुऊन, कागदी पाकिटात बंद करून ठेवली जाते. पाकिटावरची पट्टी रंग बदलते त्यावरून ते पाकीट उष्णतेतून गेले एवढे कळते. जंतू मेले की नाही हे कळायला उष्णतेला दाद न देणाऱ्या बीजाणूंची चाचणीपट्टी वेगळी लावावी लागते. गॅसवर चालणारा लहान ऑटोक्लेव्हही मिळतो, तेव्हा कोकणातल्या पावसाळ्यात वीज जाते ही सबब चालण्यासारखी नाही. पण वीस-बावीस वर्षांच्या, एकट्याने धंदा करणाऱ्या कारागिराकडून ही सगळी शिस्त रोज पाळली जाईल अशी अपेक्षा धरणे अवघड आहे. मुंबईतल्या मोठ्या स्टुडिओला ऑटोक्लेव्ह परवडतो आणि शोभतोही. महाड-पोलादपूरसारख्या ठिकाणी शहाणपणाची निवड एकच: पुन्हा वापरायचे असे काहीही ठेवायचेच नाही. पडद्याची बंद कार्ट्रिज, एकदाच वापरायचा वस्तरा, शाईच्या टिकलीएवढ्या वाट्या, नायट्राइलचे हातमोजे. सारे काम झाले की सारे टाकायचे.

याला खर्च किती? साधी पडद्याची कार्ट्रिज शंभर-दीडशे रुपयांच्या आत मिळते. हजार रुपयांच्या टॅटूत तिचा वाटा फार नाही. शे-दीडशेच्या नावात मात्र ती सगळी कमाई खाते. म्हणजे दर जितका खाली, तितकी सुई पुन्हा वापरली जाण्याची शक्यता वर. शंभर रुपयांत नवी सुई, नवे हातमोजे आणि कारागिराची मजुरी बसत नाही, हा हिशेब ग्राहकाला करता आला पाहिजे.

सुईवर लक्ष ठेवणाऱ्याच्या नजरेतून सुटणाऱ्या जागा वेगळ्याच असतात. रेखाचित्राचा कागद अंगावर उमटवण्यासाठी फिरवण्याची डिओडरंटची कांडी वापरण्याची पद्धत आहे. वस्तरा फिरलेल्या, ओरखडलेल्या त्वचेवरून ती थेट फिरते आणि पुढच्या ग्राहकावरही तीच. व्हॅसलीनच्या डबीत हातमोज्याचे बोट पुन्हा पुन्हा बुडते. उरलेली शाई वाटीतून बाटलीत परत ओतली जाते. आणि काम अर्ध्यात असताना वाजलेला मोबाइल त्याच हातमोज्याने उचलला जातो. एरवी अगदी काटेकोर असलेल्या स्टुडिओतही.

शाईचा प्रश्न तर कारागिराच्या हातातलाही नाही. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे २०११ च्या अखेरीस एकाच कारागिराच्या एकोणीस ग्राहकांच्या अंगावर चिवट पुरळ उठले. शोध घेता मायकोबॅक्टेरियम चेलोनी हा जंतू आढळला आणि तो आला होता कारखान्यातच पातळ केलेल्या राखाडी शाईतून, न उघडलेल्या बाटलीसह. कारागिराचे हात स्वच्छ होते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी बाजारातील ७५ शाया तपासल्या, तेव्हा २६ मध्ये जंतू सापडले. काहींच्या वेष्टनावर 'निर्जंतुक' असे छापलेले होते. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या. आपल्याकडे कर्नाटकचे आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी २०२५ च्या फेब्रुवारीत, राज्यात तपासलेल्या शायांत आर्सेनिक, क्रोमियमसह २२ धातू आढळल्याचे सांगितले आणि मानके ठरवण्याबाबत केंद्राकडे आग्रह धरण्याचे जाहीर केले. त्यात महाडच्या कारागिराने घरच्या नळाचे पाणी घालून काळी शाई पातळ केली, तर पुढचे सांगायलाच नको.

कायद्याची बाजू पाहू जाता हाती फार थोडे लागते. टॅटूसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र परवाना नाही, प्रशिक्षणाची अट नाही. दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ कामाचे तास आणि कामगार पाहतो. लहान दुकानाला त्याखाली सूचना देणे पुरते. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ मध्ये रुग्णालये, प्रयोगशाळा, रक्तपेढ्या, पशुवैद्यकीय संस्था यांची मोठी यादी आहे. तीत गोंदणाचे नाव नाही. विशेष म्हणजे रक्त घेताना मात्र हेच शासन जागे असते. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार टॅटू काढलेल्या व्यक्तीचे रक्त बारा महिने घेतले जात नाही. शिवजयंतीला गावोगाव रक्तदान शिबिरे होतात आणि त्याच दिवसांत दंडावर मुद्रा गोंदवण्याची हौसही उसळते. मुद्रा गोंदवलेला तरुण शिबिरातून परत पाठवला जातो. म्हणजे त्याच्या अंगात गेलेल्या सुईवर शासनाचा विश्वास नाही. तो असावा यासाठी मात्र कोणती व्यवस्था उभी राहिलेली नाही.

परदेशात दोन टोके दिसतात. दक्षिण कोरियात १९९२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टॅटू ही वैद्यकीय कृती ठरली आणि डॉक्टरांखेरीज सर्वांना ती बेकायदा झाली. परिणाम असा की हजारो कारागीर बंद दाराआड गेले आणि तपासणीच्या कक्षेतूनही गेले. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये त्या देशाच्या संसदेने डॉक्टर नसलेल्या कारागिरांना परवाना देणारा कायदा मंजूर केला. वेल्सने २९ नोव्हेंबर २०२४ पासून टॅटू, कान-नाक टोचणे आणि ॲक्युपंक्चर यांसाठी व्यक्ती व जागा दोघांनाही परवाना सक्तीचा केला. आपल्या यंत्रणेचे मनुष्यबळ पाहता वेल्सची नक्कल कागदावरच राहील आणि कोरियाची जुनी वाट धरली तर जत्रेतले टेबल एखाद्या घराच्या मागच्या खोलीत जाईल. औद्योगिक वसाहतीत कायम नोकरी न मिळालेल्या तरुणाला हे यंत्र म्हणजे एक धंदा आहे, हेही विसरता येणार नाही. फौजी आंबवडेसारखे गाव असलेल्या या तालुक्यात लष्करभरतीची स्वप्ने पाहणारी मुले पुष्कळ, आणि कोपर ते मनगट या आतल्या भागावरचे व तळहाताच्या मागचे सोडून इतरत्र कायमचे गोंदण असेल तर भरतीत अडचण येते, ही माहितीही त्यांना अनेकदा गोंदून झाल्यावरच मिळते. असो.

जवळचा धडा सलूनचा आहे. नव्वदच्या दशकाअखेरीस आणि त्यानंतर एड्सविरोधी प्रचारात 'नवे ब्लेड लावायला सांगा' हा संदेश घरोघर गेला. तोवर पिढ्यान्‌पिढ्या एकच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून साऱ्या गावाची दाढी होत असे. काही वर्षांत अर्धे ब्लेड बसणारा वस्तरा सर्वत्र आला. त्यासाठी एकाही केशकर्तनकाराला तुरुंगात पाठवावे लागले नाही. गिऱ्हाईक खुर्चीत बसताच 'ब्लेड बदललंस ना?' विचारू लागले, आणि ब्लेड स्वस्त होते. टॅटूच्या बाबतीत दुसरी अट तितकी अनुकूल नाही, हे वर आलेच आहे. पण पहिली कोणी पुरी करण्याचा प्रयत्नही केलेला नाही. महाड परिसरात एड्सचे फलक आहेत, डेंग्यूचे आहेत, लेप्टोचे आहेत. सुईचे पाकीट आपल्यासमोर फाडायला सांगा, असे सांगणारा फलक कोठे लावायचा हे तरी ठरवता येईल: जत्रेच्या कमानीवर.

जत्रेची जागाच स्थानिक संस्थांच्या हाती असते, हा यातील सर्वांत मोठा आणि न वापरलेला अधिकार. महाडची नगर परिषद, पोलादपूरची नगरपंचायत आणि खोऱ्यातल्या ग्रामपंचायती दुकानांना जागा आखून देतात, पट्टी वसूल करतात. खाद्यपदार्थांच्या गाड्यांना झाकण ठेवण्याची ताकीद दिली जाते, पाळण्याची तपासणी होते. टॅटूच्या टेबलाला जागा देताना बंद पाकिटातील सुयांचा साठा दाखवण्याची आणि कारागिराने हिपॅटायटिस-बीच्या तीन मात्रा घेतल्याचा कागद दाखवण्याची अट घालायला नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. लस कारागिरालाही हवीच. दिवसाकाठी दहा जणांच्या रक्ताशी त्याचा संबंध येतो आणि वापरलेली सुई चुकून टोचली जाणारा पहिला माणूस बहुधा तोच असतो.

दुसरा माणूस म्हणजे झाडूवाला. चांगल्या कारागिराने सारे एकदाच वापरून टाकायचे ठरवले तर टाकायचे कोठे, याचे उत्तर आज त्याच्याजवळ नाही. रुग्णालयाच्या सुया टणक पांढऱ्या डब्यातून प्रक्रिया केंद्राकडे जातात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातून निघणाऱ्या वापरलेल्या सुयांना घरगुती घातक कचऱ्यात धरले आणि त्यांच्या संकलनाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली होती. लहान गावांत अशी संकलन केंद्रे क्वचितच उभी राहिली. परिणामी प्रामाणिक कारागिराची कार्ट्रिज आणि बेफिकीर कारागिराची सुई दोन्ही एकाच काळ्या पिशवीत, उसाच्या चिपाडांबरोबर आणि कागदी पत्रावळींबरोबर घंटागाडीत जातात. महाड आणि पोलादपूर या दोन्ही ठिकाणी ग्रामीण रुग्णालय आहे. सुयांचा टणक डबा तेथे जमा करून घेण्याची परवानगी नगर परिषदेने आणि आरोग्य विभागाने एका पत्रान्वये करून घेतली, तर निदान छबिन्याच्या दुसऱ्या दिवशी मैदान झाडणाऱ्या हातांचा प्रश्न सुटू शकतो. पुढचा शिवराज्याभिषेक सोहळा ६ जूनला आहे. पावसाची पहिली सर आणि गडाकडे निघालेल्या गाड्या पायथ्याशी एकाच वेळी पोहोचतात, आणि टेबले त्याच्या दोन दिवस आधीच मांडली जातात.